व्याही, ट्राउट आणि तिसरी कॉफी

"मासेमारी? अहो, आमच्या खोऱ्यातली पोरं चालायच्या आधी गळ टाकायला शिकतात!"

हे वाक्य चामिल फोनवर बोलून गेला आणि मग ते परत कसं गिळावं याच विवंचनेत त्याचा अख्खा उन्हाळा गेला. वाक्यात दोष म्हणावा तर तसं ते खोटंही नव्हतं. आमच्या खोऱ्यातली पोरं खरंच लवकर गळ टाकायला शिकतात. फक्त त्या पोरांत चामिल कधीच नव्हता. त्याची सगळी हयात नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेली. पाण्याशी त्याचा संबंध होता, नाही असं नाही, पण तो नळातल्या पाण्याशी. नदीला वाहायला कुणाची सही लागत नाही, त्यामुळे नदी या प्रकाराबद्दल त्याला मनातून फारसा आदर नव्हता.

फोनच्या पलीकडे तुझ्ला शहरातले हायरुदिनसाहेब होते. खाणीतले निवृत्त इंजिनियर. त्यांचा मुलगा एल्दार आणि चामिलची एकुलती एक नेर्मा यांचं आपापसात जमलं होतं. मोठ्यांचं जमायचं बाकी होतं.

"उत्तम," हायरुदिनसाहेब म्हणाले, "मग जुलैत आम्ही येतो तेव्हा बायका घरात बोलतील. आपण दोघं लेदेनित्सा नदीवर जाऊ. माणूस पाण्यात कसा उभा राहतो ते पाहिलं की मला माणूस कळतो." आणि त्यांनी फोन ठेवला.

चामिलची बायको मेव्लिदा समोर ढोबळ्या मिरच्यांत सारण भरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोणती पोरं रे, चालायच्या आधी गळ टाकणारी?"

"बोलण्याची एक पद्धत असते, मेव्लिदा."

"ती पद्धत मला माहीत आहे. मागच्या खेपेला तिच्याच पायी एवढं मोठं कलिंगड आपल्याला दोघांनाच संपवावं लागलं होतं."

कलिंगडाचं सांगायलाच हवं. नेर्माचं याआधी एक जमत आलेलं मोडलं होतं आणि मोडणाऱ्याचं नाव चामिल होतं. झाग्रेबकडचे पाहुणे जेवायला बसले, मुलाच्या वडिलांनी पहिला घास घेतला आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, "वा! चीजचा बुरेक!" आता बुरेक म्हणजे पातळ पोळीत सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि आमच्याकडे तो मांसाचाच. आत चीज असेल तर त्याला वेगळं नाव आहे, पालक असेल तर वेगळं, बटाटा असेल तर वेगळं. सभ्य माणूस अशा वेळी मान डोलावतो आणि वाढतो. चामिलने सूप संपेपर्यंत मूळ मुद्दा मांडला, भात येईपर्यंत इतिहास सांगितला आणि फळांची वेळ आली तेव्हा तो पाहुण्यांच्या एकंदर संस्कृतीकडे वळला होता. पाहुणे कलिंगड कापायच्या आधीच उठले.

म्हणून फोन झाला त्या संध्याकाळी नेर्मा गॅलरीत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "बाबा, तो मुलगा मला फारसा आवडला नव्हता म्हणून तू तेव्हा वाचलास. एल्दार मला आवडतो. खूप आवडतो." तिचा आवाज जरा हलला. "या वेळी तू बोलू नकोस. 'हो' म्हण, 'नाही' म्हण, 'घ्या ना' म्हण. याच्या पलीकडे एक शब्द नाही. माझी शपथ घे."

चामिलने शपथ घेतली. लेकीच्या डोळ्यांत पाणी पाहण्यापेक्षा त्याला जीभ कापून देणं सोपं वाटलं असतं. नेर्मासाठी तो काहीही करायला तयार होता. फक्त हायरुदिनसाहेबांना पुन्हा फोन करून 'मला मासेमारी येत नाही' एवढं सांगायला तो तयार नव्हता. खोटं कबूल करण्यापेक्षा ते खरं करून दाखवणं आमच्याकडच्या माणसाला नेहमीच सोपं वाटत आलं आहे. आमचा अर्धा इतिहास असाच घडला आहे.

तर चामिल ट्राउट हा गार पाण्यातला मासा पकडायला शिकणार, ही बातमी इमारतीत पसरली आणि सगळ्यात आधी तळमजल्यावरचा शेव्को न्हावी वर आला.

"चामिलभाऊ, ट्राउट पकडायला डोकं लागत नाही, मनगट लागतं," तो बसता बसता म्हणाला. "आणि मनगटाचं काय असतं ते या गावात माझ्याइतकं कुणाला कळणार?"

शेव्कोने स्वतः कधी ट्राउट पकडला होता का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सल्ला देणाऱ्याला असलं काही विचारायची आमच्याकडे रीत नाही. त्याने समजावून सांगितलं की लेदेनित्साच्या वरच्या भागात गांडूळ चालत नाही, मका चालत नाही, कायद्याने फक्त पिसांची माशी चालते. बारीक गळावर पीस गुंडाळून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर अशी अलगद ठेवायची की ट्राउटला वाटावं, बिचारी आपणहून बसली. एवढं सांगायला त्याला सगळी दुपार लागली. मेव्लिदाने पहिली कॉफी दिली. दुसरी दिली. मग पितळी भांडं घेऊन ती तिसऱ्यांदा आली आणि शेव्कोच्या पुढे कप जरा आवाज करून ठेवला.

आमच्याकडे पाहुण्याला पहिली कॉफी मिळते ती स्वागताची. दुसरी गप्पांची. आणि तिसरी 'बरं झालं आलात, आता उठा'ची. तिला नावही तसंच कडक आहे. तिसरा कप आला की शहाणा माणूस उभ्याउभ्या पितो, घरच्यांना दुवा देतो आणि चपला शोधतो. भांडण नाही, तोंड वाईट करणं नाही. तिसरी कॉफी पिऊन पुन्हा मांडी घालून बसणारा आमच्या गावात एकच माणूस आहे आणि तो शेव्को.

"तर मनगट असं," तिसरा कप रिकामा करून तो म्हणाला.

काठी, रीळ आणि छातीपर्यंत येणारी रबरी विजार माळ्यावर सापडली. मेव्लिदाचा भाऊ जर्मनीला जाताना टाकून गेला होता. हा भाऊ म्हणजे अगडबंब गृहस्थ. त्याच्या विजारीत चामिल उभा राहिला तेव्हा शेजारी आणखी एक चामिल सहज मावला असता.

"पट्टा आवळ," मेव्लिदा म्हणाली.

"आवळलाय. आता माझीच कंबर संपली."

"कंबरेचं बरं आठवलं." तिने लगेच लोकरीचा कमरपट्टा विणायला घेतला. आमच्याकडे माणूस युद्धातून वाचतो, पण कंबरेला गार वारा लागला की मूत्रपिंडं गेलीच म्हणून समजायचं. तो पट्टा चामिलने भर जुलैत, सावलीतही घाम फुटत असताना घालायचा होता.

पिसांचा प्रश्न मोठा होता. शेव्को म्हणाला, दुकानातली पिसं मेलेल्या कोंबड्याची असतात, ट्राउटला ते कळतं. पीस हवं जिवंत कोंबड्याचं आणि तेही मानेचं. इमारतीच्या मागच्या अंगणात बेहियाकाकूंचा कोंबडा होता. नाव पाशा. त्याच्या मानेवर सोनेरी, तांबूस, काळसर अशी काही पिसं होती की खुद्द नगराध्यक्षांना तसा कोट शोभला असता.

"दोनच पिसं घेऊ," चामिल म्हणाला.

"कात्रीने काम करणाऱ्याला दोनच म्हणू नये," शेव्को म्हणाला. त्याच्या अंगातली कला जागी झाली होती. एका बाजूची दोन काढली, मग दुसरी बाजू जड दिसू लागली, म्हणून तिकडची काढली, मग मागचं बरोबरीला आणायला हवं होतं. बेहियाकाकू बाहेर आल्या तोवर पाशाची मान मुलाखतीला निघालेल्या उमेदवारासारखी स्वच्छ झाली होती.

"अरे मेल्यांनो!" काकू किंचाळल्या. "लग्नाच्या वयाचा माझा कोंबडा आणि तुम्ही त्याला सैन्यात भरती केलंत!"

"काकू, परत येतील पिसं..."

"ती येतील तेव्हा येतील. पहिला ट्राउट माझा. चांगला मोठा. आणि साफ करून."

मग वरच्या मजल्यावरच्यांनी म्हटलं, काकूंना देता तर आम्ही काय पाप केलंय? त्यांच्या शेजारच्यांनी आपल्या आजारी सासूचं नाव पुढे केलं. आठवडा उलटेपर्यंत इमारतीत जेवढ्या चुली होत्या तेवढे ट्राउट चामिलने कबूल करून टाकले होते आणि अजून त्याची काठी नीट जोडलेली नव्हती.

सराव अंगणातच सुरू झाला. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची, मग पुढे. हे शेव्को चामिलच्या गॅलरीतून ओरडून सांगत होता. दोरी सरळ झाली की नाही हे बघायला चामिल वळला आणि त्याच क्षणी ती पुढे निघाली. ट्राउटसाठी बांधलेली पहिली माशी चामिलच्या डाव्या कानाच्या पाळीला बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कान उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ पाहिलं. चामिलला वाटलं, प्रकरण गंभीर आहे.

"सुरेख बांधलीय," डॉक्टर म्हणाले. "पीस कुठलं?"

"पाशाचं."

"वा! पण गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करायचा असतो. नियमच आहे. नियम ट्राउटसाठी केलाय, पण कानालाही बरा पडतो." त्यांनी गळ कापून काढला, पट्टी लावली आणि चामिल निघताना पाशाचा पत्ता विचारून घेतला.

आता राहिला परवाना. मासेमारी मंडळाच्या कचेरीवर पाटी होती: 'मासेमारीला गेलो आहे.' चामिल सकाळी गेला, पाटी. दुपारी गेला, पाटी. त्याला मनापासून वाईट वाटलं. आपल्या खात्यात लोकांना किती खेटे घालावे लागत, पण निदान 'जेवायला गेलो आहे' असं लिहिण्याची माणुसकी आपण ठेवली होती. अखेर तो गाडी काढून लेदेनित्सावर गेला. वरच्या पुलापाशी रखवालदाराने त्याला अडवलं.

"गाडीत काठी दिसतेय. परवाना?"

"तोच घ्यायला आलोय."

"परवाना माझ्याकडे आहे. पण त्यावर शिक्का हवा. शिक्का सचिवांकडे."

"सचिव कुठे आहेत?"

रखवालदाराने नदीच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे एक टोपीवाला माणूस खांबासारखा उभा होता. "शिक्का त्यांच्या जाकिटात असतो. पण मासे वर येत असताना ते बाहेर निघत नाहीत."

"आणि मासे कधी थांबतात?"

"साधारण ऑक्टोबरात."

चामिलने पाटलोण गुडघ्यावर गुंडाळली आणि जन्मात पहिल्यांदा लेदेनित्सात पाय घातला. डोंगराच्या पोटातून नुकतंच निघालेलं पाणी ते. ऊन डोक्यावर तापत होतं आणि गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत याची खात्री राहिली नव्हती. सचिवांनी नजर पाण्यावरून न काढता जाकिटातून शिक्का काढला, त्यावर हाः केलं, चामिललाच पाठमोरं उभं केलं आणि त्याच्या पाठीवर परवाना ठेवून शिक्का मारला. "मागचे नियम वाचा," ते पुटपुटले. चामिलने आयुष्यभर हजारो लोकांना हेच सांगितलं होतं आणि मागचं कुणीही वाचत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानेही वाचलं नाही.

शुक्रवारी पाहुणे आले. हायरुदिनसाहेब उंच, पांढऱ्या मिशांचे आणि बंद दारासारखे गप्प. त्यांच्या पत्नी शेफिकाबाई आणि मेव्लिदा यांचं दारातच सूत जुळलं. एल्दारने चामिलच्या कानाच्या पट्टीकडे पाहिलं आणि सभ्यपणे छताकडे पाहू लागला. हायरुदिनसाहेब मात्र 'हो', 'नाही' आणि 'पुरे' यापलीकडे बोलेनात. चामिल 'हो', 'नाही' आणि 'घ्या ना' यापलीकडे जाऊ शकत नव्हता. सगळी संध्याकाळ दोघे समोरासमोर बसून एकमेकांना मान डोलावत राहिले.

आत नेर्मा आईला म्हणाली, "बाबा किती छान वागतोय!"

बाबा मात्र मनात वेगळाच हिशोब मांडत होता. हा माणूस आपल्याशी बोलत नाही म्हणजे आपण त्याच्या मनातून उतरलो. कान बघून उतरलो असू. किंवा खोटं ओळखलं असेल.

दुसऱ्या दिवशी गाडीत लेदेनित्सापर्यंत शब्द नाही. नदीकाठी उतरल्यावर पाणी समोर दिसलं तसं चामिलने आमच्याकडचा माणूस संकटात जे करतो ते केलं. गॅसची छोटी शेगडी मांडली आणि कॉफी केली.

हायरुदिनसाहेबांनी कॉफी घेतली, मान डोलावली आणि काठी जोडून पाण्यात उतरले. मग चामिलने पाहिलं की हे काय असतं. दोरी त्यांच्या डोक्यावरून मागे गेली, हवेत क्षणभर थांबली, पुढे आली आणि माशी पाण्यावर बसली. आपणहून. ट्राउटलाच काय, चामिललाही ती खरी वाटली. काठावर बसून तो एकच गाठ बांधत, सोडत, पुन्हा बांधत राहिला. बऱ्याच वेळाने हायरुदिनसाहेब बाहेर आले आणि त्याच्याकडे पाहू लागले.

"घ्या ना," चामिल म्हणाला आणि त्याने दुसरी कॉफी केली. ही गप्पांची. गप्पा झाल्या नाहीत. पाणी वाहत होतं, टोळ ओरडत होते, दोघे साखरेचा खडा कॉफीत बुडवून चोखत होते.

कप खाली ठेवून हायरुदिनसाहेब त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलले. "आता तुम्ही उतरा."

चामिलने मागेपुढे पाहिलं. पुढे पाणी होतं, मागे शपथ होती आणि हातात कॉफीचं भांडं होतं. काही तरी करून आणखी पाच मिनिटं मिळवायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने पुन्हा शेगडी पेटवली, कॉफी वर आणली, पाहुण्याचा कप काठोकाठ भरला आणि हसून पुढे केला. "घ्या ना."

हायरुदिनसाहेब त्या कपाकडे पाहतच राहिले. मिशा एकदा हलल्या. मग ते उभे राहिले, उभ्याउभ्याच कॉफी प्यायले, कप पालथा ठेवला. "आभारी आहे. सगळं फार छान झालं. घरी सुख नांदो." त्यांनी काठीचे तुकडे सुटे केले, पिशवीत घातले आणि ते फळ्यांच्या पुलावरून पलीकडच्या काठाला, मोठ्या रस्त्याच्या दिशेने चालू लागले.

सुटलो, असं चामिलला वाटलं. त्याला खरोखर वाटलं की मासेमारी संपली, आपण न उतरताच पार पडलो. तो खुशीत भांडं धुवायला वाकला. तळाशी कॉफीचा गाळ दिसला. पहिलीचा, दुसरीचा आणि तिसरीचा.

"या अल्लाह," चामिल म्हणाला.

मुलीला मागणी घालायला आलेल्या माणसाला त्याने तिसरी कॉफी दिली होती. हाताने करून, हसून, काठोकाठ भरून. नेर्माचा गॅलरीतला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पुलावरून गेलं तर फार लांबचा वळसा होता. सरळ वाट पाण्यातून होती.

त्याने काठीसकट नदीत उडी घेतली. काठी का घेतली हे त्यालाही सांगता आलं नसतं, तो घाबरून तिला धरून होता इतकंच. "हायरुदिनसाहेब! अहो हायरुदिनसाहेब!" पाणी मांडीला आलं, मग कंबरेला. मेव्हण्याच्या विजारीत लेदेनित्सा आपली वाट करून शिरली आणि लोकरीच्या पट्ट्याने पाणी स्पंजासारखं ओढून घेतलं. पलीकडचा माणूस मागे वळेना. तेव्हा चामिल छाती फुटेपर्यंत ओरडला, "व्याही! अहो व्याही! थांबा हो!"

बोलणी पक्की झाल्याशिवाय हा शब्द आमच्याकडे उच्चारत नाहीत. हायरुदिनसाहेब गर्रकन वळले. त्याच क्षणी शेवाळलेल्या दगडावरून चामिलचा पाय गेला आणि तो नदीच्या मधोमध मटकन खाली बसला. पाणी हनुवटीला लागलं. विजार इतकी भरली होती की उठता येईना.

हायरुदिनसाहेब धावत पाण्यात आले, त्यांनी त्याला काखेत हात घालून उचललं आणि एका मोठ्या दगडाला टेकवून उभं केलं.

"मला मासेमारी येत नाही!" चामिल दात वाजवत म्हणाला. शपथ पाण्याबरोबर वाहून गेली होती. "कधीच येत नव्हती! पाण्यात उतरायची भीती वाटली म्हणून कॉफी केली! मोजली नाही हो मी, शपथेवर सांगतो, मोजली नाही!"

"म्हणजे तुम्ही मला घालवत नव्हता?"

"तुम्हाला? अहो, तुमच्यासाठी मी एका कोंबड्याची इभ्रत घालवली!"

"मग कालपासून बोलत का नव्हता? मला वाटलं, मुलगी द्यायची नाही म्हणून गप्प आहेत."

"नेर्माने शपथ घातली. मागच्या पाहुण्यांशी मी बुरेकवरून... जरा बोललो होतो."

हायरुदिनसाहेबांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे काही हसले की काठावरचे कावळे उडाले. "मला एल्दारने घातलीय! त्याचं आधीचं स्थळ मी मोडलं. मुलीचा बाप मक्याच्या दाण्याने ट्राउट धरायचा, चामिलसाहेब! मक्याच्या! मी त्याला तीन तास समजावलं."

"तीनच तास? बुरेकला मला दुपार पुरली नाही."

"चीजचा म्हणाले होते?"

"चीजचा!"

"हरे राम म्हणायचं की काय अशा माणसांना!" असं काही तुझ्लाचा माणूस म्हणत नाही, पण जे म्हणाला ते छापता येत नाही आणि भाव तोच होता.

मग दोघे जे बोलायला लागले ते थांबेनात. दोन दिवसांचं तुंबलेलं सगळं, कंबरभर गार पाण्यात. हायरुदिनसाहेबांनी मक्याचा इतिहास सांगितला, चामिलने पालकाच्या पदार्थाचं खरं नाव सांगितलं. मध्येच चामिल म्हणाला, "तुमच्या कंबरेला गार लागेल."

"मीही पट्टा घातलाय. शेफिकाने विणलाय."

"लोकरीचा?"

"दुहेरी."

अशातच चामिलच्या हातातली काठी वाकली. त्याला वाटलं, नदी ओढतेय. काठीच्या मागून दोरी प्रवाहात वाहत गेली होती, तिच्या टोकाला पाशाच्या मानेची माशी होती आणि ती माशी आता कुणीतरी खाल्ली होती.

"धरा!" हायरुदिनसाहेब ओरडले. "टोक वर! ओढू नका! जाऊ दे त्याला, जाऊ दे... आता घ्या. हळू. अहो, नळाची तोटी पिळताय का, हळू!"

चामिलला पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवंत होतं आणि ते त्याच्या मनगटाशी बोलत होतं. मग पाण्यातून सोनेरी पाठ वर आली, अंगावर लाल ठिपके, आणि हायरुदिनसाहेबांनी ती ओल्या हातांत अलगद धरली. बेताचाच मासा होता, वीतभराहून थोडा मोठा. चामिलने त्याच्याहून देखणं काही पाहिलं नव्हतं, नेर्मा जन्मली तो दिवस सोडून.

हायरुदिनसाहेबांनी गळ काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अहो!" चामिल किंचाळला. "बेहियाकाकूंचा होता तो!"

"वरच्या भागात सोडावाच लागतो. परवान्याच्या मागे लिहिलंय."

चामिलने मासा गेला त्या दिशेने पाहिलं. अख्खी इमारत निखारे पेटवून बसली असेल. पण त्याला वाईट वाटेना. पोटात एक ऊब होती आणि ती लोकरीची नव्हती.

"व्याही," तो जरा वेळाने म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता, माणूस पाण्यात कसा उभा राहतो ते बघून तुम्हाला माणूस कळतो. मी तर बसलो."

"बसलात," हायरुदिनसाहेब म्हणाले. त्यांनी चामिलच्या दंडाला धरून काठाकडे वळवलं. "ज्याला पाण्यात उभंही राहता येत नाही, तो मुलीसाठी उडी घेतो. त्याच्या घरची मुलगी मागायला मी तुझ्लाहून पायी आलो असतो."

इमारतीपाशी खरंच निखारे फुलले होते. बेहियाकाकू ताट घेऊन उभ्या होत्या, पायाशी पाशा. शेव्को परातीत अजमोदा चिरत होता. गाडीतून दोन भिजलेली माणसं एकमेकांचं बोलणं तोडत उतरली आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

"माझा ट्राउट?" काकूंनी विचारलं.

"तुमच्या पाशाने पकडला, काकू," हायरुदिनसाहेब अदबीने म्हणाले, "आणि कायद्याने सोडला. मी साक्षीदार आहे." काकूंनी पाशाकडे असं पाहिलं की त्याची उघडी मान ताठ झाली.

मेव्लिदा कुणाला काही न बोलता आत गेली. तिने पहाटेच पातळ पोळ्या लाटून मांसाचे आणि चीजचे, दोन्ही प्रकार परातभर करून ठेवले होते. नवऱ्यावर किती विश्वास ठेवायचा याचा तिला अनेक वर्षांचा अंदाज होता. हायरुदिनसाहेबांनी चीजचा तुकडा उचलला, चामिलकडे पाहिलं आणि त्याचं बरोबर नाव घेतलं. चामिलच्या डोळ्यांत पाणी आलं.

जेवणं झाली. पहिली कॉफी आली, दुसरी आली. मग नेर्मा रिकामं भांडं धरून स्वयंपाकघराच्या दारात घुटमळली. एल्दारने श्वास रोखला. नदीवरची हकिकत आता सगळ्या घराला माहीत होती.

"तिसरी आण, पोरी," हायरुदिनसाहेब म्हणाले. तिने आणली. ते बसल्याबसल्या ती प्यायले. शेव्कोही प्यायला, पण त्याचं सोडा. मग हायरुदिनसाहेबांनी कप पुन्हा पुढे केला.

"चौथी?" मेव्लिदा म्हणाली. "चौथीला आमच्याकडे नावच नाही."

"आता ठेवू. चौथी म्हणजे लग्नाची तारीख."

शेफिकाबाईंनी मेव्लिदाला मिठी मारली. नेर्मा भांडं घेऊन आत पळाली, पण चौथी करायला विसरली आणि तशीच परत आली. बापाच्या खुर्चीच्या हातावर बसून तिने त्याच्या पट्टी लावलेल्या कानाजवळ डोकं टेकलं. चामिलला काही बोलायची इच्छा होईना, आणि हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

हायरुदिनसाहेब शेजाऱ्यांना मासा दाखवत होते. पहिल्या कॉफीच्या वेळी त्यांचे दोन तळहात वीतभर लांब होते. दुसरीला हातभर झाले. आता त्यांनी उजवा हात सोफ्याच्या पाठीवरून पलीकडे नेला होता आणि शेव्को त्याला जागा द्यायला सरकून बसला होता. चामिलने आयुष्यभर पाइप मोजले होते. लांबीबाबत त्याला कुणी फसवू शकत नव्हतं.

"बाबा," नेर्माने डोळे मोठे करून विचारलं, "खरंच एवढा होता?"

चामिलला शपथ आठवली.

"हो," तो म्हणाला, आणि पितळी भांडं उचलून व्याह्यांच्या कपावर धरलं. "घ्या ना."